कर्त्याची चोपडी : घरातील पैशाच्या बोलण्याचा मागोवा

आपल्या स्मरणिकेचे जुने अंक चाळले असता ज्ञातीच्या इतिहासावरील लेख पुष्कळ आढळतात. मूळ गावे कोणती, कुलदैवते कोणती, स्थलांतर केव्हा झाले, शिक्षणात पहिला मान कोणी मिळविला, हे सर्व त्यांत आलेले आहे. परंतु आपल्या पूर्वजांच्या घरात पैसा कोणाच्या हाती असे, त्याचा हिशेब कोणास ठाऊक असे आणि त्याविषयी घरात कोणी कोणाशी बोलत असे काय, या विषयावर एक ओळही नाही. यंदा चिटणीसांनी आमच्याकडे लेख मागितला तेव्हा ही उणीव थोडी भरून काढावी असे आमच्या मनात आले. विषय रूक्ष वाटेल. तथापि ज्या घरात वडील माणूस एकाएकी गेला आहे त्या घरास तो रूक्ष वाटणार नाही.

प्रथम जुन्या एकत्र कुटुंबाकडे पाहू. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हे दोन ग्रंथ पश्चिम हिंदुस्थानात न्यायालयांनी प्रमाण मानले. त्यांना अनुसरून मिळकत कुटुंबाची आणि व्यवहार कर्त्याचा, अशी रचना होती. कर्ता म्हणजे बहुधा घरातील सर्वांत वडील पुरुष. त्याची चोपडी बासनात बांधलेली, बासन पेटीत, पेटीची किल्ली जानव्यास किंवा करदोट्यास. चोपडीतील अक्षर मोडी. घरातील स्त्रियांस ते वाचता येत नसे आणि धाकट्या भावांनी वाचावयास मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे ठरे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली म्हण अशाच घरात शोभते. मूठ उघडली तेव्हा तीत कित्येकदा सव्वा रुपयाही नसे ही गोष्ट निराळी. आज आपल्या कित्येक घरांत त्या चोपड्या आहेत, पण मोडी वाचणारा राहिला नाही. म्हणजे पणजोबांनी जे गुप्त ठेवले ते आता खरोखरच गुप्त झाले आहे.

या मौनाचा सर्वांत कडू भाग कर्जाचा होता. मुंबई इलाख्यात बापाचे कर्ज मुलाने आणि आजाचे कर्ज नातवाने फेडावे, मग वारशाने काही हाती आलेले असो वा नसो, असा दंडक चालत असे. बापाने कोठे काय लिहून दिले आहे हे मुलास ठाऊक नाही, आणि सावकार मात्र तेराव्या दिवशी दारात उभा. 1866 च्या मुंबई इलाख्याच्या 7 व्या कायद्याने हा दंडक मोडला आणि वारसाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच ठरविली. व्याज मुदलाहून अधिक घेऊ नये हा दामदुपटीचा नियमही आपल्याकडे होता. पण जुन्या रोख्याचे व्याज मुदलात धरून नवा रोखा लिहून घेतला की तो नियम निरुपयोगी होई. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली, ती मुख्यतः हे रोखे जाळण्यासाठी. ज्या कागदावर आपले शेत गेले तो कागद त्यांनी कधी वाचलेला नव्हता. त्यानंतर 1879 मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या तत्त्वाचा उरलासुरला अंश मात्र कायद्यातून थेट 2005 साली गेला, हे वाचकांस नवल वाटेल.

आता पैसा घराबाहेर मिळू लागला तेव्हा काय झाले ते पाहू. रेल्वे, गिरण्या, कचेऱ्या आणि शाळा यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील कर्ता पुरुष गावी आणि मिळविता पुरुष मुंबईस, अशी फारकत झाली. पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या हाती पैसे धाडीत. ते पोहोचतील याचा भरवसा नसे. 1 जानेवारी 1880 पासून टपाल खात्याने मनीऑर्डरची सोय केली आणि कोकणातील व घाटावरील हजारो कुटुंबांचा संसार त्या कागदावर चालू लागला. या मनीऑर्डरच्या तळाशी एक लहानसे कुपन असे. पैसे घेणाराने सही वा अंगठा करावयाचा आणि कुपन आपल्यापाशी ठेवावयाचे. त्यावर पाठविणारास चार ओळी लिहिण्यापुरती जागा होती. आमच्या मते आपल्या समाजात घरच्या पैशाविषयी लेखी बोलणे प्रथम या कुपनावर सुरू झाले.

आमच्या लहानपणी आमच्या घरी अशा कुपनांची तारेत ओवलेली चळत होती. त्यांवरील मजकूर सर्व एका साच्याचा : इतके रुपये पाठविले, पैकी इतके वाण्याचे, इतके भाताच्या बियाण्यास, इतके धाकट्याच्या फीस, उरलेले तीर्थरूप आईकडे ठेवावे. क्षेमकुशल शेवटच्या अर्ध्या ओळीत. आज कोणास हे कोरडे वाटेल. पण घरातील कोणत्या कामास किती पैसा लागतो हे यात स्पष्ट होते, आणि ज्या स्त्रीच्या नावे मनीऑर्डर येई तिला घरात एक प्रकारचे स्थान येई. एक अडचण मात्र होती. बाईस अक्षरओळख नसे, म्हणून कुपन पोस्टमनच वाचून दाखवी, तेही अंगणात उभे राहून. त्यामुळे कर्त्याने बासनात लपविलेली गोष्ट आता साऱ्या वाडीस ठाऊक होई! 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा गावोगावच्या पोस्टमनची पिशवी हलकी झाली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. वर्गात फी थकलेल्या मुलांची नावे वाचणे हे आमच्याकडे आलेले पहिले अप्रिय काम. 2015 साली जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद झाली. पैसा आता क्षणात पोहोचतो, परंतु त्याबरोबर चार ओळी पोहोचत नाहीत.

टपाल खात्याने 1 एप्रिल 1882 पासून बचतीची बँकही उघडली होती. तिचे पासबुक हे माणसाच्या स्वतःच्या नावाचे पहिले हिशेबाचे पुस्तक. येथून एक कठीण प्रश्न उभा राहिला : एकत्र कुटुंबातील मुलगा नोकरी करून पैसा मिळवितो, तो त्याचा की कुटुंबाचा?

हा प्रश्न आपल्यासारख्या शिक्षणावर वर आलेल्या ज्ञातींना फार जवळचा होता, म्हणून येथे थोडे थांबतो. जुन्या नियमाप्रमाणे कुटुंबाच्या खर्चाने ज्याने विशेष विद्या मिळविली, त्या विद्येची कमाई ही कुटुंबाची कमाई. वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार, सर्व या नियमात सापडत. यात अन्याय होता असे सरसकट म्हणता येणार नाही. एका भावास शिकविण्यासाठी दुसऱ्या दोघांनी नांगर धरलेला असे, बहिणीचे लग्न लांबलेले असे, आईच्या पाटल्या गेलेल्या असत. त्या सर्वांचा शिकलेल्याच्या पगारावर काही हक्क नाही काय? उलट पक्षी, शिकलेल्या भावाने तीस वर्षे नोकरी करून जे साठविले, त्यात कधी एक पत्रही न पाठविणाऱ्या पुतण्यांनी वाटा मागावा हेही विपरीत. मद्रासेस भाष्यम अय्यंगार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयावर विधेयक आणले; ते संमत झाले तरी गव्हर्नरांनी त्यास मान्यता दिली नाही. पुढे 1921 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे एका आय. सी. एस. अधिकाऱ्याचे प्रकरण गेले. त्याचे शिक्षण कुटुंबाच्या पैशातून झाले होते म्हणून त्याची मिळकत कुटुंबाची ठरली. देशातील सुशिक्षित वर्गात या निकालाने मोठीच खळबळ झाली. अखेर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणून 1930 चा ‘हिंदू विद्याधन कायदा’ करून घेतला. विद्येने मिळविलेले धन, शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, मिळविणाऱ्याचे स्वतःचे झाले.

कायद्याने प्रश्न सुटला, पण घरातील बोलणे त्यामुळे वाढले नाही, उलट आटले असे आमचे मत आहे. पूर्वी कर्ता बोलत नसे. आता मिळविताही बोलेनासा झाला. ज्याच्या शिक्षणासाठी भावाने शेत गहाण टाकले त्याने त्या भावास काय द्यावयाचे, हे कायदा सांगत नाही. ते दोघा भावांनी समोरासमोर बसून ठरवावयाचे. असे बसणारे भाऊ आम्ही आमच्या आयुष्यात दोन-तीनच पाहिले. बाकीच्यांनी ते मनात ठेवले, आणि पुढे त्यांच्या मुलांनी ते न्यायालयात नेले.

विम्याची हकिकतही अशीच बोधप्रद आहे. आपल्याकडे 1870 मध्ये बॉम्बे म्युच्युअल आणि 1874 मध्ये ओरिएंटल या विमा संस्था मुंबईस निघाल्या. परंतु विमा उतरविणे म्हणजे आपल्या मरणाचे बोलणे. ते बोलणे घरात, त्यातून पत्नीसमोर, अशुभ. म्हणून पुष्कळांनी विमा उतरविला तो गुपचूप. त्याच 1874 साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला आणि त्याच्या सहाव्या कलमात एक मोठी सोय होती. पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवून तो पत्नीच्या किंवा पत्नी व मुलांच्या हितासाठी आहे असे पॉलिसीवर नमूद केले, तर ती रक्कम त्यांची ठेव होते. सावकारास ती जप्त करता येत नाही, आणि खुद्द नवऱ्यासही मन पालटले म्हणून परत घेता येत नाही. पण ही सोय हिंदूंना लागू आहे काय? 1913 साली मद्रासच्या उच्च न्यायालयाने ‘होय’ म्हटले. मुंबईच्या न्यायालयाचे मत निराळे पडले. म्हणजे मद्रासच्या विधवेस विम्याचे पैसे सुरक्षित आणि मुंबईच्या विधवेचे धनकोच्या तोंडी! हा भेद 1923 च्या दुरुस्तीने मिटला. त्या कायद्यात आजही वाचावयास मिळते की मद्रासेस 31 डिसेंबर 1913 नंतरच्या आणि इतरत्र 1 एप्रिल 1923 पासूनच्या पॉलिसींना हे कलम लागू आहे. हे कलम जिवंत आहे. धंदा करणाऱ्या ज्ञातिबांधवांनी, ज्यांच्या डोक्यावर देणे असण्याचा संभव आहे, त्यांनी विमा प्रतिनिधीस त्याविषयी अवश्य विचारावे. पुष्कळ प्रतिनिधी आपण होऊन सांगत नाहीत.

19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी 245 संस्थांचा व्यवहार एकवटून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्यानंतर हप्ता पगारातून परस्पर कापण्याची पद्धत आली. ही पद्धत सोयीची खरी. पण हप्ता घरात दिसेनासा झाला आणि त्याबरोबर पॉलिसीही नजरेआड झाली.

स्त्रियांच्या हक्काविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. 1937 साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेस पतीच्या हिश्शावर हयातीपुरता हक्क मिळाला. डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल रखडले आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण 1956 च्या उत्तराधिकार कायद्याने तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीस वडिलार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून सबंध देशात मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची जरुरी नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. कायदा असा दीडशे वर्षांत कोठच्या कोठे गेला. आणि घर? घरात हा विषय अजून एकदाच निघतो : वडिलांचे दिवस झाले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ‘ताई, येथे सही कर, पुढचे आम्ही पाहतो.’ ताई माहेर तुटू नये म्हणून सही करते. तिने राजीखुशीने सोडले तर त्यात वावगे काही नाही. पण काय सोडले हे तिला सांगितले गेले काय? सातबारा तिने पाहिला काय? आम्ही ज्या घरांतून साक्षीदार म्हणून बसलो तेथे हा प्रश्न विचारीत आलो, आणि त्यामुळे दोन ठिकाणी आम्हांस पुन्हा बोलावणे आले नाही.

स्त्रियांचे मौनही जुने आहे, ते विसरता कामा नये. डाळीच्या डब्यातील नोट, लुगड्याच्या घडीतील पुरचुंडी, शेजारणींची भिशी, ही त्यांची बचतबँक. तिचा हिशेब पुरुषांस कधी कळला नाही. 8 नोव्हेंबर 2016 रोजी रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर हे डबे उघडावे लागले, कारण बँकेच्या रांगेत नोट नेण्यावाचून मार्ग नव्हता. आमच्या परिचयातील एका वहिनींनी सतरा वर्षांत जमविलेली रक्कम त्या दिवशी नवऱ्यापुढे ठेवली. नवरा आधी हसला, मग रागावला. ‘माझ्यापासून का लपविलेस?’ या त्याच्या प्रश्नास त्यांनी शांतपणे विचारले, ‘अहो, तुमचा पगार किती ते तुम्ही मला कधी सांगितलेत?’ त्या घरात त्या रात्री तीस वर्षांत प्रथम दोघांचा एकत्र हिशेब मांडला गेला.

सांप्रत सर्वांत मोठा घोटाळा नामनिर्देशनाविषयी आहे. पुष्कळांची समजूत अशी की फॉर्मवर ज्याचे नाव, तो मालक. तसे नाही. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत सांगितले की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारी आहे, पैसे वारसांचे. 2015 च्या दुरुस्तीने विम्यापुरता फरक करून, आईवडील, पती-पत्नी वा मुले यांचे नाव असल्यास त्यांना लाभाचा हक्क देणारे शब्द कायद्यात घातले. शेअर्सच्या बाबतीत मात्र नामनिर्देशनाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा ठरविले. ज्यास आपल्या मनाप्रमाणे व्हावे असे वाटते त्याने मृत्युपत्र करावे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरे.

आमच्या शाळेतील एक सहकारी सेवेत असतानाच वारले. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर त्यांनी लग्नापूर्वी आईचे नाव घातले होते, ते तसेच राहिले. आई त्यांच्या आधीच गेलेली. वारसदाखल्यासाठी त्यांच्या पत्नीस दीड वर्ष खेटे घालावे लागले. कचेरीतील बाबूंनी तिला एकदाही एका वेळी सर्व कागदांची यादी दिली नाही. दर खेपेस एक नवा कागद. त्या अवधीत मुलाची अभियांत्रिकीची जागा पैसे न भरल्याने गेली. त्या बाईंस दोन पॉलिसींचा पत्ता तर चार वर्षांनी, रद्दी काढताना लागला.

अशी एकटी तीच नव्हती. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरावयाच्या असतात. फेब्रुवारी 2023 पर्यंत केवळ सरकारी बँकांनी भरलेली अशी रक्कम 35 हजार कोटी रुपयांहून अधिक होती. ती बुडालेली नसते. वारसास मागता येते. शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाची सोय संगणकावर केली आहे. बँकेच्या ठेवीस 1 नोव्हेंबर 2025 पासून एकाऐवजी चार व्यक्तींची नावे देता येतात. पासबुक आता पुष्कळांच्या घरी छापील राहिले नाही, सर्व काही मोबाइलच्या पोटात आहे. म्हणजे कर्त्याची पेटी पुन्हा आली, फक्त किल्लीऐवजी आकडा आला.

ज्ञातिबंधु-भगिनींच्या घरी मनीऑर्डरची जुनी कुपने, मोडी चोपड्या किंवा 1956 पूर्वीच्या विमा पॉलिसी असल्यास त्यांनी त्या संस्थेच्या कार्यालयात पाहावयास द्याव्यात. मोडी वाचणारे एक गृहस्थ आम्ही मिळविले आहेत. कागद वाचून, नक्कल करून, महिन्याभरात ज्याचे त्यास परत केले जातील.